सप्लायरची दुसरी लाईन

सप्लायर डेव्हलपमेंट, म्हणजे आपल्याला माल पुरवणाऱ्या कंपन्यांचं कौशल्य वाढवणं, हे नाव आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये असतं. त्या नावाखाली प्रत्यक्षात काय चालतं ते बघायला गेलं तर बहुतेक ठिकाणी ऑडिट सापडतं. वर्षातून एकदा चेकलिस्ट घेऊन माणूस येतो, फाईली चाळतो, शॉप फ्लोअरवर एक चक्कर मारतो, शंभरपैकी मार्क देतो आणि खाली "सुधारणा अपेक्षित" लिहून निघून जातो. मग सप्लायरचा क्वालिटीवाला त्या मुद्द्यांची उत्तरं लिहित बसतो, फोटो जोडतो, मेल करतो, आणि तिकडे मशीनवरचा ऑपरेटर काल जसं काम करत होता तसंच आजही करत असतो. याला कौशल्य वाढवणं म्हणायला माझं मन धजत नाही. बरीच वर्षं मी खरेदीदाराच्या बाजूने सप्लायरच्या लाईनवर उभं राहायचं काम करतोय, आणि मला तरी असं दिसलंय की एका कंपनीतलं कसब दुसऱ्या कंपनीत जातं ते दोन्हीकडची माणसं एकाच मशीनपाशी हाताला ग्रीस लागेपर्यंत एकत्र खपली तरच जातं, आणि ते तिथे खरंच रुजलं का हे कळतं आपण परत आल्यावर, सप्लायर स्वतःहून आपली दुसरी उत्पादन लाईन सुधारायला हातात घेतो की नाही त्यावरून.

नुसतं असं वर वर बोलून कळणार नाही म्हणून एक नेहमीचं काम घेतो, प्रेसचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलणं. सप्लायरकडे गेलं की तक्रार ठरलेली, तुम्ही छोटे छोटे लॉट मागता, आमचा अर्धा वेळ सेटिंगमध्ये जातो. आणि ते खरंच असतं. आता यावर खरेदीदाराकडचा इंजिनिअर दोन गोष्टी करू शकतो. एक म्हणजे मीटिंग रूममध्ये स्लाईड दाखवून "चेंजओव्हर (डाय बदलायला जाणारा वेळ) कमी करा" असं सांगू शकतो. दुसरं म्हणजे मोबाईल स्टँडला लावून पूर्ण चेंजओव्हरचा व्हिडिओ काढू शकतो, आधीच्या लॉटचा शेवटचा पीस पडल्यापासून पुढच्या लॉटचा पहिला ओके पीस हातात येईपर्यंत, मधे कट न करता. आणि मग तो व्हिडिओ साहेब लोकांना न दाखवता आधी त्याच ऑपरेटर आणि सेटरबरोबर (डाय बसवून मशीन जुळवणारा) बसून बघायचा.

तो व्हिडिओ बघणं म्हणजे खरं शिक्षण आहे. मशीन बंद आहे आणि माणूस पाना शोधतोय. मशीन बंद आहे आणि फोर्कलिफ्ट दुसऱ्या कोपऱ्यात अडकलीये म्हणून तिघं जण नुसते उभे आहेत. डाय बसला, पण एका बाजूचा क्लॅम्प वेगळ्या मापाच्या बोल्टचा, म्हणून पुन्हा टूल क्रिबची, म्हणजे अवजारांच्या खोलीची फेरी. प्रत्येक डायची उंची वेगळी, त्यामुळे दर वेळी प्रेसचा वरचा सरकता भाग वरखाली करून शट हाईट (प्रेस मिटल्यावर डायसाठी उरणारी उंची) जुळवायची, दोन पीस मारायचे, मापायचे, पुन्हा जुळवायची. मग पहिला पीस क्वालिटीकडे जातो आणि तिथे इन्स्पेक्टर दुसऱ्या कामात असतो, तोपर्यंत मशीन थंड. सेटरच आपणहून म्हणतो, साहेब हा बोल्ट मला रोज शोधायला लागतो. त्याला हे आधीपासून माहीत होतं, कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

त्यानंतरचं काम तसं साधं आहे. मशीन बंद असतानाच करावी लागतात अशी कामं कुठली आणि मशीन चालू असतानाही आटोपता येतील अशी कुठली, ही विभागणी करायची. पुढचा डाय आधीच आणून ठेवणं, बोल्ट एकाच मापाचे करणं, बुटक्या डायखाली कायमची पॅकिंग प्लेट लावून सगळ्यांची उंची एक करणं म्हणजे शट हाईटला हातच लावायला नको. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने ही पद्धत बांधली. टोयोटाच्या १००० टनी प्रेसवर १९६९ मध्ये चार तासांचा सेटअप आधी दीड तासावर आला आणि मग व्यवस्थापनाने तो ३ मिनिटांवर आणा म्हटल्यावर तिथवर गेला, ही गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. पण ऐकून काही होत नाही. एकाच पद्धतीचं पुस्तक दोन कारखान्यांत असतं, एकात सेटअप उतरतो आणि दुसऱ्यात ते पुस्तक कपाटात राहतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते, स्टॉपवॉच कोणाच्या हातात आहे. खरेदीदाराचा इंजिनिअर हुशार असतो, त्याने हे दहा ठिकाणी केलेलं असतं, त्याला उत्तर आधीच दिसत असतं, त्यामुळे तो पटापट स्वतःच करून टाकतो, स्वतःच मोजतो, स्वतःच चार्ट भरतो, आणि चार दिवसांत झकास रिझल्ट दाखवतो. सप्लायरची माणसं टाळ्या वाजवतात आणि शिकत काहीच नाहीत. हेच काम सप्लायरच्या सुपरवायझरने केलं तर तिप्पट वेळ लागतो, तो मधे अडतो, चुकीच्या ठिकाणी मोजतो, पुन्हा मोजतो. तो वेळ देणं हाच खरा खर्च आहे आणि तोच बहुतेक कंपन्यांना द्यायचा नसतो कारण तिमाहीच्या रिपोर्टमध्ये आकडा हवा असतो.

दुसरं उदाहरण मापनाचं. हा वाद ज्याने बघितला नसेल असा क्वालिटीतला माणूस मिळणं कठीण. सप्लायर म्हणतो माल ओके होता, आमच्याकडे मोजूनच पाठवला, खरेदीदार म्हणतो आमच्या इनवर्डला रिजेक्ट आला. दोघांचे रिपोर्ट सह्यांसकट. मग मेलवर मेल, सीसीमध्ये वाढत जाणारी माणसं, डेबिट नोट. आणि कोणीच करत नाही ती गोष्ट म्हणजे तोच एक पीस घेऊन दोन्हीकडच्या इन्स्पेक्टरने एकाच टेबलवर तो मोजणं. असं केलं की बहुतेक वेळा काही मिनिटांत गाठ सुटते. एक जण पीस मोकळा ठेवून मोजत असतो आणि दुसरा फिक्स्चरमध्ये क्लॅम्प करून, पातळ पत्र्याचा पार्ट असेल तर क्लॅम्प केल्यावर तो सरळ होतो, मग माप वेगळंच येणार. किंवा ड्रॉइंगवर जो डेटम, म्हणजे जिथून माप घ्यायचं ती कड किंवा पृष्ठभाग, दिलाय तो एकाने पकडलाय आणि दुसऱ्याने सोयीची कड पकडलीये. दोघंही प्रामाणिक, दोघंही बरोबर मोजतायत, फक्त दोन वेगळ्या गोष्टी मोजतायत.

अशा वेळी गेज आर अँड आर, म्हणजे तेच पीस वेगवेगळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा मोजून मापात किती फरक पडतो ते बघायचा अभ्यास, एकत्र करायचा, दोन्हीकडची माणसं, तेच पीस, आळीपाळीने. वाहन उद्योगातला रूढ संकेत असा की मापनपद्धतीतला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला, ३० टक्क्यांच्या वर असेल तर त्या गेजवर निर्णय घेऊ नका, मधला पट्टा तारतम्याने. हा नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी प्रत्येक जण आपापल्या घरी आपापला अभ्यास करतो आणि दोन्ही घरांमधला फरक तसाच राहतो. एकत्र केल्यावर जे हाती लागतं ते फक्त एका पार्टपुरतं नसतं. सप्लायरच्या इन्स्पेक्टरला पहिल्यांदा कळतं की हा पार्ट पुढे कशात बसतो आणि नेमकं कुठलं माप तिथे अडतं. आणि खरेदीदाराला कळतं की आपण ड्रॉइंगवर अर्ध्या मापांना गरज नसताना कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) देऊन ठेवलाय आणि त्याचे पैसे आपणच भरतोय.

आता पैशाचं बोलायलाच हवं कारण सगळं तिथेच येऊन फसतं. समजा आपला इंजिनिअर गेला, महिनाभर खपला, सप्लायरची एक लाईन सुधारली, माणसं कमी लागायला लागली, स्क्रॅप उतरलं. आणि पुढच्याच महिन्यात परचेसवाल्याचा फोन, तुमची कॉस्ट कमी झालीये असं ऐकलं, भाव कधी कमी करताय? संपलं. यानंतर तो सप्लायर तुम्हाला गेटच्या आत घेईल, चहा देईल, चकाचक बोर्ड दाखवेल, पण खरी अडचण कधीच दाखवणार नाही. आणि अडचण दिसल्याशिवाय शिकणं सुरूच होत नाही. अशी वागणूक मी जवळून पाहिलीये आणि ती पाहून संताप येतो, कारण महिनाभराच्या कष्टाने कमावलेला विश्वास एका फोनने जातो आणि फोन करणाऱ्याला आपण काय घालवलं ते कळतही नाही.

टोयोटाने हे फार आधी ओळखलं होतं. तिथे सप्लायरला मदत करणारा ऑपरेशन्स मॅनेजमेंट कन्सल्टिंग डिव्हिजन या नावाने ओळखला गेलेला वेगळा विभाग आहे, खरेदी विभागापासून वेगळा, आणि त्याची मदत सप्लायरला फुकट मिळते. मदत केल्या केल्या लगेच भाव मागत नाहीत, भावाची बोलणी तिच्या वेळेला होतात. पण फुकट म्हणजे बिनअटीची नाही. ज्याला मदत मिळाली त्याने आपला कारखाना इतर सप्लायरना बघायला उघडा ठेवायचा. या अटीमागचा विचार मला मनापासून पटतो, कारण आपण केलेली सुधारणा दुसऱ्याला समजावून सांगायची वेळ आली की आपल्याला ती किती कळलीये हे आपलं आपल्यालाच कळतं.

त्यांचे जिशुकेन गट, म्हणजे सप्लायरनी एकत्र येऊन शिकायचे अभ्यासगट, हेही याच जातीचे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे सुरू झाले. काही सप्लायर मिळून एक गट, थेट स्पर्धक एका गटात नाहीत, आणि मग सगळ्यांनी मिळून आळीपाळीने एकेकाच्या कारखान्यात जाऊन तिथला एक ठरावीक प्रश्न सोडवायचा. प्रेसवाल्याच्या लाईनवर वेल्डिंगवाला आणि प्लास्टिकवाला येऊन डोकं लावतो. बाहेरच्या माणसाला जे खटकतं ते आतल्याला सवयीने दिसेनासं झालेलं असतं. आणि खरेदीदाराचा माणूस हळूहळू मागे सरकतो, सप्लायर एकमेकांना शिकवायला लागतात. मला तर वाटतं ज्यांच्याकडे पंधरा-वीस सप्लायर आहेत त्यांनी ऑडिटचा अर्धा वेळ काढून असा एक गट चालवून बघावा, सुरुवातीला सगळे संकोचतात, पण एकदा कोणीतरी आपली खरी रिजेक्शन शीट टेबलवर ठेवली की बाकीचेही ठेवतात.

आता शीर्षकातल्या दुसऱ्या लाईनकडे येतो. होंडाने अमेरिकेत सप्लायरसाठी बीपी नावाचा कार्यक्रम चालवला होता, त्यांची माणसं आठवडेच्या आठवडे सप्लायरच्या एका लाईनवर जाऊन बसायची, सप्लायरच्या माणसांबरोबर रोज काम करायची. मॅकडफी आणि हेल्पर या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवडलेल्या लाईनवर उत्पादकता सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास वाढली, हे चांगलंच झालं. पण पुढची गोष्ट जास्त मोलाची आहे. होंडाची माणसं परत गेल्यावर तीच पद्धत आपल्या इतर लाईनवर नेणं बऱ्याच सप्लायरना जड गेलं. काही ठिकाणी सुधारलेली लाईन सुधारलेली राहिली आणि तिच्या शेजारची लाईन जशीच्या तशी.

हे असं का होतं यावर मी खूप विचार केलाय. एक तर पहिल्या लाईनवर दोन कंपन्यांची मिळून हुशार माणसं असतात, मालकाचं लक्ष असतं, मेंटेनन्स लगेच धावतो, बोल्ट मागितला की संध्याकाळपर्यंत येतो. दुसऱ्या लाईनला यातलं काही मिळत नाही. दुसरं कारण म्हणजे पहिल्या लाईनवर सप्लायरच्या ज्या एका सुपरवायझरने सगळं शिकून घेतलं त्याला कोणीतरी जास्त पगार देऊन घेऊन जातं, कधी कधी तर तो खरेदीदार स्वतःच घेऊन जातो, मग कौशल्य कंपनीत राहिलंच नाही. आणि तिसरं, जे सगळ्यात खोल आहे, की लोकांनी उत्तर उचललेलं असतं, रीत उचललेली नसते. पहिल्या लाईनवर ट्रॉली मशीनच्या डाव्या हाताला ठेवली म्हणून दुसऱ्या लाईनवरही डावीकडेच ठेवली, पण पहिल्या लाईनवर ती डावीकडे का ठेवली होती, कोणती हालचाल वाचवायची होती, ते मोजून बघितलंच नाही.

म्हणून माझं मत असं आहे की पहिली लाईन सुरू करायच्या आधीच दुसरी लाईन कुठली आणि ती कोण करणार याची नावं लिहून घ्यावीत, आणि ती माणसं पहिल्या लाईनच्या कामात पहिल्या दिवसापासून असावीत. एक नाही, निदान तिघं तरी, एक प्रॉडक्शनचा, एक मेंटेनन्सचा, एक क्वालिटीचा. खरेदीदाराच्या इंजिनिअरने दुसऱ्या लाईनवर आठवड्यातून एकदाच यायचं आणि फक्त प्रश्न विचारायचे. फार कठीण असतं हे, उत्तर दिसत असताना गप्प राहणं, पण त्याशिवाय इलाज नाही. आणि पहिल्या लाईनच्या रिझल्टवर सत्कार-बक्षीस काही करायचं असेल तर ते दुसरी लाईन झाल्यावर करा.

एवढं सगळं सप्लायरबद्दल झालं, पण खरेदीदाराने काय शिकायचं? माझ्या मते निम्मं शिकणं त्याच्या वाट्याचं आहे आणि तेच सगळ्यात कमी होतं. महिन्याच्या मध्यात शेड्यूल बदलायचं, आज हजार हवे, उद्या नको, परवा दोन हजार तातडीने, आणि मग सप्लायरला म्हणायचं तुमच्याकडे इन्व्हेंटरी फार आहे. अहो ती इन्व्हेंटरी तुमच्या शेड्यूलपासून वाचण्यासाठी ठेवलीये. गिऱ्हाईकाच्या मागणीतला छोटासा चढउतार साखळीत मागे मागे जाताना मोठा होत जातो, त्याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. याचं गाजलेलं उदाहरण प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं. बाळांची डायपरची गरज काही दर आठवड्याला उड्या मारत नाही, दुकानातली विक्रीही बऱ्यापैकी एकसारखी, पण वितरकांच्या ऑर्डरी वरखाली आणि कंपनीच्या तिच्या सप्लायरकडच्या ऑर्डरी त्याहून वरखाली. सप्लायरच्या लाईनवर कितीही घाम गाळा, वरून असे हेलकावे येत राहिले तर तो छोटे लॉट चालवूच शकत नाही. पुढचे निदान काही दिवस शेड्यूल गोठवणं, त्यात हात न घालणं, ही खरेदीदाराच्या प्लॅनिंगने शिकायची गोष्ट आहे आणि मशीनवरच्या सेटअपइतकीच ती कौशल्याची आहे.

यावर डायर आणि हॅच यांचा २००६ मधला अभ्यास आहे, तो मला नेहमी आठवतो. त्यांनी असे सप्लायर घेतले जे टोयोटालाही माल देत होते आणि एका अमेरिकी कार कंपनीलाही. तोच सप्लायर, जवळजवळ तोच पार्ट. १९९० ते १९९६ या काळात टोयोटाला जाणाऱ्या मालातले दोष सरासरी ५० टक्क्यांनी कमी झाले आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या मालातले फक्त २६ टक्क्यांनी. एकाच छताखाली! मग एका लाईनवर शिकलेलं दुसऱ्या लाईनवर का नाही नेलं? त्यातलं एक कारण असं की दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या अटीच आड येत होत्या. उदाहरणार्थ त्याचे कंटेनर मोठाले, तेच वापरा म्हणून सक्ती. कंटेनर मोठा म्हणजे तो भरेपर्यंत शेकडो पीस साचणार, दोष उशिरा सापडणार, लाईनजवळ जागा नाही म्हणून माणसं लांब लांब उभी राहणार, एकमेकांचं काम एकमेकांना दिसणार नाही. छोट्या ट्रेमध्ये माल जात असेल तर दोष पुढच्या माणसाच्या हातात लगेच येतो. आता या कंटेनरचा निर्णय सप्लायरच्या हातात नाहीच, तो खरेदीदाराच्या लॉजिस्टिक्समधल्या कोणीतरी ट्रकचं भाडं बघून घेतलेला असतो.

हे वाचल्यापासून मी सप्लायरकडे पहिल्यांदा गेलो की विचारतो, आमच्या कुठल्या नियमामुळे तुमचं काम अवघड होतं? सुरुवातीला उत्तर येत नाही, सगळे म्हणतात काही नाही साहेब, सगळं ठीक आहे. दोन-चार भेटींनी, त्यातला एखादा नियम आपण खरंच बदलून दाखवला की मग यादी सुरू होते, पॅकिंग, लेबल दोनदा चिकटवणं, गरज नसलेली टेस्ट, एकाच पार्टचे दोन ड्रॉइंग रिव्हिजन एकाच वेळी चालू.

क्रायस्लरने १९८९ च्या सुमाराला स्कोर नावाचा कार्यक्रम आणला तो याच दिशेचा होता, सप्लायरने खर्च कमी करायच्या कल्पना सुचवायच्या आणि वाचलेल्या पैशात त्यालाही वाटा. कल्पना फक्त सप्लायरच्या कारखान्यापुरत्या मर्यादित नव्हत्या, क्रायस्लरच्या स्वतःच्या डिझाईनवर आणि पद्धतींवरही होत्या. म्हणजे शिकवणारा सप्लायर आणि शिकणारा खरेदीदार.

अशा सहवासाने काय जमा होतं ते एरवी दिसत नाही, संकटात दिसतं. १ फेब्रुवारी १९९७ ला पहाटे टोयोटाच्या आयसिन सेइकी या सप्लायरच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह नावाचा छोटा पार्ट, आणि टोयोटाला लागणारे जवळपास सगळेच, सुमारे ९९ टक्के, तिथूनच यायचे. हाताशी साठा अगदी थोडा. काही दिवसांतच टोयोटाचे बहुतेक सगळे असेंब्ली प्लांट थांबले. मग दोनशेच्या आसपास कंपन्या या पार्टच्या मागे लागल्या, त्यातल्या बहुतेकांनी हा व्हॉल्व्ह आधी कधी बनवलेला नव्हता, शिलाई मशीन बनवणारी ब्रदरसुद्धा त्यात होती. आयसिनने ड्रॉइंग देऊन टाकली, ज्याच्याकडे जे मशीन होतं त्यावर त्याने आपली प्रोसेस बसवली, पैशाचं काय, हक्कांचं काय, यावर कोणी अडून बसलं नाही. चार दिवसांच्या आत पहिले व्हॉल्व्ह तयार होते आणि साधारण दुसऱ्या आठवड्यात गाडी रुळावर आली. सगळा माल एकाच ठिकाणी बनवण्यातला धोका त्या आगीने दाखवला, ते खरंच आहे. पण दोनशे कारखाने इतक्या लवकर एकमेकांचं बोलणं समजू शकले कारण आधीची वर्षानुवर्षं ते एकमेकांच्या लाईनवर जात होते, ड्रॉइंग एकाच पद्धतीने वाचत होते, अडचण आली की लपवायची नाही ही सवय झालेली होती.

शेवटी एक प्रश्न बरेच जण विचारतात, आम्ही तर छोटे, मोठ्या खरेदीदाराचा माणूस आमच्याकडे येणार तरी का? येतो, मागितलं तर येतो, फक्त "आम्हाला मदत करा" असं मोघम मागू नका. एक पार्ट, एक प्रश्न, त्याचे मागच्या तीन महिन्यांचे खरे आकडे, आणि आमची ही तीन माणसं यावर रोज दोन तास देतील, एवढं एका पानावर लिहून सप्लायर क्वालिटीवाल्याकडे द्या, परचेसकडे नाही. आणि बाकी काही बोलायच्या आधी त्या लाईनवरची बचत किमान वर्षभर भावाच्या बोलण्यात आणायची नाही हे त्यांच्याकडून लेखी घ्या. लेखी मिळालं नाही तरी प्रश्न सोडवाच, पण मग व्हिडिओ तुमच्या तुमच्यात बघा.